छत्री तेवढी उरली

या चित्रात एकच माणूस, अमेरिकेतला एक मूळ रहिवासी, दोनदा उभा आहे. डावीकडे तो वॉशिंग्टनला निघालाय, उजवीकडे वॉशिंग्टनहून घरी परतलाय. डावीकडच्याच्या अंगात पहाडी बकऱ्याच्या कातड्याचा अंगरखा, त्यावर साळिंदराच्या काट्यांचं भरतकाम, झालरीला केसांच्या बटा, डोक्यात गरुडाची पिसं, हातात लांब दांड्याची चिलीम. मागे दूरवर कॅपिटॉलची, म्हणजे अमेरिकी संसदेची, पांढरी इमारत. उजवीकडच्याच्या अंगावर निळा लष्करी कोट, खांद्यांवर सोनेरी झुपके, पायांत उंच टाचांचे बूट, डोक्यावर उंच हॅट आणि तिच्यावर लाल तुरा. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पंखा. आपल्याकडे पाठ करून तो जरासा तिरका उभा आहे, त्यामुळे कोटाच्या मागच्या खिशांतून डोकावणारी बाटल्यांची तोंडं नेमकी दिसतात. त्याच्या मागे त्याच्याच माणसांचे कातडी तंबू.

पाहिल्या पाहिल्या हसू येतं. यायलाच हवं, चित्र त्यासाठीच काढलंय. पण हा माणूस कोण, तिथवर कसा पोचला आणि पुढे त्याचं काय झालं हे वाचत गेले, तसं मला चित्रापेक्षा चित्रकाराकडे जास्त निरखून बघावंसं वाटू लागलं.

चित्रकार जॉर्ज कॅटलिन. १७९६ साली पेनसिल्व्हेनियात जन्मला, शिकला वकिली, रमला चित्रांत. १८३० पासून पुढची काही वर्षं तो मिसिसिपीच्या पश्चिमेकडच्या प्रदेशात हिंडला. तिथल्या मूळ रहिवाशांची शेकडो व्यक्तिचित्रं, त्यांचे नाच, शिकारी, खेळ, वस्त्या त्यानं रंगवून आणल्या. अमेरिकेत त्या संग्रहाला म्हणावं तसं गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा सगळा पसारा घेऊन तो लंडनला गेला. पिकाडिलीवरच्या 'इजिप्शियन हॉल'मध्ये त्यानं प्रदर्शन मांडलं आणि १८४४ मध्ये निवडक पंचवीस चित्रांचा लिथोग्राफ-संच काढला. भलीमोठी पानं, हातानं भरलेले रंग. पानं उलटत जावं तर रानघोड्यांना फास टाकणारे स्वार, बायसनच्या कळपात घुसलेले शिकारी, लांडग्याचं पांढरं कातडं पांघरून गवतातून रांगत कळपाजवळ जाणारे दोघेजण, शेकडो खेळाडूंचा चेंडूचा सामना. सगळं मोकळ्या आभाळाखालचं, अंगात वारं शिरलेलं. आणि मग शेवटचं, पंचविसावं चित्र म्हणजे हा निळ्या कोटातला गृहस्थ. चोवीस चित्रांत जे मनसोक्त बघितलं, त्याचं पुढे काय वाटोळं होणार ते बघा, असं सांगून संच मिटतो. वकिलाच्या युक्तिवादासारखी ही मांडणी आहे, आणि कॅटलिन मुळात वकीलच.

थोडं छपाईबद्दल सांगायला हवं, कारण मला या चित्रातली एक गंमत तिथेच सापडली. लिथो म्हणजे आपला शिळाछाप. बव्हेरियातल्या चुनखडीच्या घोटीव शिळेवर तेलकट खडूनं चित्र काढायचं, डिंक आणि सौम्य आम्लाचा हात फिरवायचा, शिळा ओली करायची आणि शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या दगडाला शाई चिकटत नाही, तेलकट रेषांना चिकटते. कागद दाबला की चित्र उमटतं, पण उलटं. डावं ते उजवीकडे, उजवं ते डावीकडे. म्हणून शिळेवर काढणाऱ्याला सगळं आरशातल्यासारखं काढावं लागतं. या संचाची शिळाचित्रं जॉन मॅकगाही यानं काढली आणि 'डे अँड हेग' या राणीच्या अधिकृत शिळाछापखान्यात ती छापली. (त्यातल्या हेगचा उजवा हात जन्मापासून अधू होता, तो सगळं काम डाव्या हातानं करायचा आणि त्या काळातला अव्वल कारागीर मानला जायचा.) तर मॅकगाही शिळेवर वाकून काम करत होता तेव्हा त्याच्यासमोर क्रम उलटा होता. आधी कोटातला, मग पिसांतला. त्याच्या दगडावर हा माणूस छत्री घेऊन निघत होता आणि गरुडाची पिसं लावून घरी येत होता. त्याला तसं काही जाणवलं असेल असं मी म्हणत नाही. पण तीच दोन चित्रं नुसती अदलाबदल केली की गोष्ट किती बदलते, ते तुम्हीच मनात करून बघा.

जाता जाता एक सांगते. मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर मराठी पंचांग छापलं ते १८३१ साली. आपला हा निळ्या कोटातला माणूस वॉशिंग्टनच्या वाटेला लागला, तेही १८३१ सालीच.

त्याचं नाव कॅटलिननं विजुनजोन असं लिहिलंय, आणि त्याचा अर्थ 'कबुतराच्या अंड्यासारखं डोकं' असा दिलाय. सरकारी आणि व्यापारी मंडळी त्याला 'प्रकाश' म्हणून ओळखत. मीही तेच म्हणणार आहे, कारण दुसऱ्या नावानं कोणत्याही माणसाची गोष्ट गंभीरपणे सांगता येत नाही. तो असिनिबॉइन जमातीचा. ही मंडळी स्वतःला नाकोडा म्हणवतात. मिसुरी आणि यलोस्टोन या नद्यांच्या संगमावर 'अमेरिकन फर कंपनी'चं फोर्ट युनियन हे ठाणं होतं, त्याच्या उत्तरेकडे पसरलेल्या माळरानात त्यांचा वावर. बायसनच्या मागे हिंडायचं, कातडी ठाण्यावर आणायची, बदल्यात बंदुका, कापड, भांडी न्यायची. हाच माल सीमेपलीकडे ब्रिटिशांची 'हडसन्स बे कंपनी'ही घ्यायची, आणि वॉशिंग्टनला तेच खुपत होतं. या लोकांनी अमेरिकेच्या बाजूला राहावं यासाठी एक ठरलेला उपाय होता. चार वजनदार माणसं निवडायची, त्यांना राजधानी दाखवायची, तोफा दाखवायच्या, जहाजं दाखवायची, राष्ट्राध्यक्षांशी हात मिळवायला लावायचा आणि परत पाठवायचं. पुढचं काम ती माणसं घरी जाऊन स्वतःच करतील, असा हिशेब. राष्ट्राध्यक्ष होते अँड्र्यू जॅक्सन. आग्नेयेकडच्या जमातींना त्यांच्या मुलखातून उठवण्याच्या कायद्यावर त्यांनी आदल्याच वर्षी सही केली होती.

या चौघांना घेऊन निघाला जॉन सॅनफर्ड नावाचा सरकारी अधिकारी. मिसुरीच्या प्रवाहाबरोबर खाली सेंट लुईसपर्यंत नावेनं, तिथून पुढे पूर्वेकडे.

नोकरीच्या निमित्तानं मी काही वर्षं सेंट लुईसला होते. तिथल्या प्रचंड कमानीच्या पायथ्याशी नदीकडे उतरत जाणारा दगडी फरसबंदीचा जुना धक्का अजून आहे. पाण्याला कायम गढूळ तपकिरी रंग. शहराच्या थोडं वर मिसुरी येऊन मिसिसिपीला मिळते आणि आपला सगळा गाळ तिच्या पदरात टाकते. डबे घेऊन आम्ही मराठी मंडळी रविवारी तिथं जायचो. मुलं उतारावरून धावायची, मोठे गाडी कुठे लावली यावर वाद घालायचे. या धक्क्याला प्रकाशची नाव लागली होती हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. कळलं ते पुण्यात परत आल्यावर, कॅटलिनची पत्रं वाचताना. आणि त्यातही त्या काठ्यांची हकीकत वाचून मी पुस्तक मिटून बसले.

हकीकत अशी. नाव खाली येऊ लागली तशी गोऱ्या वसाहतीच्या टोकाची लाकडी घरं काठावर दिसू लागली. एक इथे, एक बऱ्याच अंतरानं पुढे. प्रकाशनं आणि त्याच्या एका सोबत्यानं ठरवलं की ही घरं मोजायची. परत गेल्यावर लोक विचारतील, गोरे आहेत तरी किती? तर सांगायला नेमका आकडा हवा. मग एक घर दिसलं की चिलमीच्या दांड्यावर एक खाच. दांडा भरला. मग युद्धाच्या गदेच्या मुठीवर खाचा. तीही भरली. मग काठावरून एक लांब काठी तोडून आणली. तीही पुरेना. मग काठ्यांचा भाराच जमला, आणि दोघं दिवसभर चाकू घेऊन खाचा पाडताहेत, एकाचं लक्ष डाव्या काठावर, एकाचं उजव्या. असं करत करत नाव एका वळणावरून पुढे आली आणि समोर सेंट लुईस. दोघांनी आपसात विचार केला आणि सगळ्या काठ्या नदीत फेकून दिल्या.

१८३० च्या जनगणनेत सेंट लुईसची वस्ती पाच हजारही भरली नव्हती. आपल्याकडे एखाद्या बाजारगावाची असते तेवढी. तिथेच मोजणी हरली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क तर अजून पुढे होते.

मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथे. त्याला दिपवायला नेत होते आणि तो दिपून न जाता खानेसुमारी करत होता. हेराचं काम म्हणा, दूताचं म्हणा, पाहणी कशी करावी हे त्याला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. प्रतिनिधी म्हणून निवड झालेल्या माणसानं दुसरं काय करायचं असतं? शत्रू असो वा सोयरा, समोरच्याचं बळ किती ते घरी येऊन सांगायचं. कॅटलिनला ही हकीकत ठाऊक होती, ती त्यानं सविस्तर लिहिलीय. मग चित्र काढताना त्याला नावेत बसून काठीवर खाचा पाडणारे दोघे का सुचले नसतील? काठावरच्या झोपड्या, पाण्यात पडलेलं त्यांचं प्रतिबिंब, नावेच्या तळाशी लाकडाच्या सालपटांचा थर. चित्र म्हणून ते काही कमी नव्हतं. पण ते पाहून कोणाला हसू आलं नसतं.

सॅनफर्डबद्दलही एक ओळ, कारण इतिहास या माणसाला दोनदा गाठतो. धक्क्यापासून चार पावलांवर सेंट लुईसचं जुनं न्यायालय आहे, हिरवट घुमटाचं. ड्रेड स्कॉट या गुलामानं आपल्या स्वातंत्र्यासाठी तिथे दावा लावला आणि तो लढत लढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८५७ च्या त्या कुप्रसिद्ध निकालात प्रतिवादी म्हणून ज्याचं नाव आहे, तो हाच जॉन सॅनफर्ड. न्यायालयाच्या कारकुनानं नावात एक अक्षर जास्तीचं घातलं, ते आजही तसंच छापलं जातं.

वॉशिंग्टनच्या मुक्कामात प्रकाशनं काय काय पाहिलं याची यादी कॅटलिन एका दमात देतो: किल्ले, जहाजं, मोठ्या तोफा, आगबोटी, आकाशात जाणारे फुगे. आणि तो पोशाख. कॅटलिनच्या मते तो बहुधा राष्ट्राध्यक्षांनीच भेट दिलेला. भेटीला आलेल्या प्रमुखांना चांदीचं पदक आणि गणवेश द्यायची सरकारची रीतच होती. म्हणजे चित्रात जो नटवेपणा म्हणून दिसतो तो सरकारी आहेर होता. यजमानानं दिलेलं वस्त्र अंगावर घालून घरी जाणं यात हसण्यासारखं काय आहे, हे लग्नातल्या मानापानाचे आहेर निमूटपणे नेसून फोटो काढलेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा. कॅटलिननं मात्र त्याच्या चालीला जू अडकवलेल्या डुकराची उपमा दिलीय. चांगल्या मनाचा माणूस कधी कधी किती हलकं लिहितो!

परतीचा प्रवास 'यलोस्टोन' या आगबोटीनं झाला, १८३२ च्या वसंतात. फोर्ट युनियनपर्यंत पोचलेली ही पहिली आगबोट. प्रवाहाविरुद्ध सुमारे दोन हजार मैल, आणि याच बोटीवर कॅटलिनही होता. त्यामुळे प्रकाश उतरला तो क्षण त्यानं डोळ्यांनी पाहिला. काठावर सगळी जमात गोळा झालेली. प्रकाश ऐटीत उतरला. आणि कोणी पुढे आलंच नाही. बायको, मुलं, आईबाप, सगळे नुसते बघत राहिले. अर्धा तास असा गेल्यावर हळूहळू, जरा हात राखूनच, ओळख पटू लागली.

चित्र इथे थांबतं. गोष्ट थांबत नाही, आणि माझ्या मते मजा पुढच्या दोन दिवसांतच आहे. दुसऱ्या दिवशी त्या कोटाच्या लांब शेपट्या कापल्या गेल्या आणि बायकोच्या पायांना झकास पट्टे झाले. हॅटवरची रुपेरी फीत तिनं ते पट्टे बांधायला घेतली. उरलेला कोट भावाच्या अंगावर गेला. एकेक वस्तू अशी नातलगांत आणि मित्रांत फिरत गेली, आणि शेवटी प्रकाशकडे राहिली फक्त छत्री. ती मात्र त्यानं कोणाला दिली नाही. त्याचा तिच्यावर फार जीव होता.

कॅटलिन हे सगळं 'बघा कशी दशा झाली' या सुरात सांगतो. मला त्यात दशा दिसत नाही. माळरानावरच्या या जमातींत मोठेपणा साठवून मिळत नसे, वाटून मिळत असे. लांबच्या प्रवासाहून, लढाईहून आलेल्या माणसानं आणलेलं सगळं वाटून टाकावं आणि मोकळ्या हातानं बसावं, ही प्रमुखाची शोभा. प्रकाशनं तेच केलं. राष्ट्राध्यक्षांच्या कोटाचे त्यानं दोन दिवसांत तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा कामाला लावला. ज्या पोशाखानं त्याला बिघडवलं असं चित्र म्हणतं, तो पोशाख त्या काठावर जेमतेम दीड-दोन दिवस टिकला. शिळाछापावर मात्र प्रकाश जवळजवळ दोनशे वर्षं तो घालून उभा आहे. आणि छत्रीचं म्हणाल, तर त्या उघड्या माळावरच्या उन्हात ती मीसुद्धा कोणाला दिली नसती.

त्याचा घात केला तो कोटानं नाही, बोलण्यानं. तो सांगू लागला. लोक जमायचे, तो घरांबद्दल सांगायचा, रस्त्यांबद्दल, माणसांच्या गर्दीबद्दल, पाण्यावरच्या किल्ल्यांबद्दल. पहिले काही दिवस लोकांनी ऐकून घेतलं. मग ठरवून टाकलं की हा खोटारडा आहे. गोरे लोक खोटं बोलण्यात पटाईत, हा त्यांच्यात राहिला आणि तेवढंच शिकून आला. प्रकाश थांबला नाही. रोज नवं सांगायचा, आणि ते कधी संपायचंच नाही. तेव्हा लोकांच्या मनात दुसरीच शंका शिरली. एका माणसाच्या डोक्यात इतकी खोटी कल्पना मावणं शक्य नाही, तेव्हा ही काहीतरी करणी असणार. आणि चेटकी माणूस साध्या गोळीनं मरत नाही. कॅटलिन लिहितो की एका तरुणाला स्वप्नात उपाय दिसला. त्यानं लोखंडी भांड्याची कडी सरळ केली, कानशीनं घासून घासून बंदुकीच्या नळीत बसेल एवढी केली, आणि प्रकाशला पाठीमागून गाठून डोक्यात झाडली.

ही झाली कॅटलिनची हकीकत, ऐकीव. त्याच ठाण्यावर पुढे बरीच वर्षं राहिलेल्या एडविन डेनिग या व्यापाऱ्याकडची बातमी यापेक्षा साधी आहे. त्याच्या सांगण्यात स्वप्न वगैरे नाही. या बढायांवरून झालेला तंटा, हाणामारी आणि त्यातून चाललेली गोळी. मला डेनिग जास्त खरा वाटतो. असिनिबॉइन स्त्रीशी त्याचा संसार होता, त्याला घरातलं कळत असणार. पण कडी घासणाऱ्या त्या तरुणाचं चित्र डोळ्यांपुढून जात नाही, हेही खरं. कॅटलिनचं हेच कसब आहे. तो खोटं बोलतो असं नाही. दोन हकीकतींतली जास्त चमकदार कुठली ते त्याला बरोबर कळतं.

कॅटलिनला न्याय द्यायचा तर हेही सांगायला हवं की व्यापाऱ्यांची दारू, सरकारची फसवणूक, जमिनी बळकावणं यांविरुद्ध तो सतत लिहीत राहिला, तेही जेव्हा तसं लिहिणारे फार थोडे होते. या चित्रातही त्याचा रोख गोऱ्यांवरच आहे: बघा, आपण यांना काय करून टाकलं. पण त्याचा स्वतःचा व्यवसाय एका गोष्टीवर उभा होता. त्याच्या चित्रांतला माणूस शुद्ध हवा, शहराचा वारा न लागलेला, आणि लवकरच नाहीसा होणारा. म्हणजे मग त्याची चित्रं हाच शेवटचा पुरावा. अशा दुकानात छत्रीवाला माणूस खपत नाही. तो जिवंत आहे, दोन्ही जगांत वावरून आलाय, उद्या आणखी काही शिकेल. त्याचं काय करायचं? तर त्याला शेवटच्या पानावर विदूषक म्हणून उभं करायचं.

'आधी' आणि 'नंतर' अशी जोडी लावण्याची ही युक्ती फार टिकाऊ निघाली. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइल इथे मूळनिवासी मुलांसाठी सरकारी निवासी शाळा निघाली. तिथे मुलं आली की त्यांचे फोटो काढत, आणि काही वर्षांनी केस कापलेले, कोट घातलेले दुसरे फोटो. नावाहो जमातीच्या टॉम टॉरलिनोचे तसे दोन फोटो आजही सगळीकडे दिसतात. मांडणी तीच, निष्कर्ष मात्र उलटा. कॅटलिन म्हणत होता, बघा कसा बिघडला. शाळा म्हणत होती, बघा कसा सुधारला. दोन्हीकडे मधली वर्षं गायब, आणि दोन्हीकडे त्या माणसाला कोणी काही विचारलेलं नाही.

हा संच निघाला त्या सुमारास लंडनमध्ये आणखी एक गोष्ट चालू होती. चित्रांचं नावीन्य ओसरल्यावर कॅटलिननं प्रदर्शनात प्रत्यक्ष माणसं उभी करायला सुरुवात केली. आधी इंग्रज नटांना पिसं लावून. मग १८४३ मध्ये ओजिब्वे जमातीची एक तुकडी खरोखरच आली, विंडसरला व्हिक्टोरिया राणीसमोर नाचली. त्यांच्यानंतर आयोवा जमातीचे चौदा जण आले, त्यांना घेऊन कॅटलिन पॅरिसला गेला. तिथे ओकीविमी ही त्यांच्यातली एक तरुण आई आजारी पडून वारली, आणि तिला तिथेच पुरलं. त्याच साली पॅरिसमध्ये कॅटलिनची बायको क्लाराही गेली, पुढच्या वर्षी लहानगा मुलगा. म्हणजे भिंतीवरच्या चित्रात शहर पाहून आलेल्या माणसाची टर उडवायची आणि त्याच दालनात शहर दाखवायला आणलेली माणसं नाचवायची. यातली विसंगती तिकीट काढून आलेल्यांना दिसली नाही, आणि कॅटलिनलाही दिसल्याची खूण त्याच्या लिखाणात मला सापडली नाही.

प्रकाश मोजत होता ती घरं पुढे त्याच्याच मुलखात आली. त्याआधी आली देवी. १८३७ च्या उन्हाळ्यात 'सेंट पीटर्स' या कंपनीच्याच आगबोटीवरून रोग मिसुरीच्या काठानं वर सरकत गेला. खालच्या अंगाला मँडन लोकांची जुनी, सधन खेडी होती, दोन हजारांच्या आतली वस्ती. त्यातले शंभर-सव्वाशे कसेबसे उरले. फोर्ट युनियनभोवतीच्या असिनिबॉइनांतही माणसांवर माणसं गेली. पुढे बायसन संपले, राखीव प्रदेशाच्या रेघा पडल्या, आणि १८८३-८४ च्या हिवाळ्यात वुल्फ पॉइंटच्या सरकारी ठाण्याजवळ तीनशेहून अधिक असिनिबॉइन उपासमारीनं मेले. शिधा पोचला नाही म्हणून. कॅटलिनचं भाकीत मात्र खोटं ठरलं. मोंटानात फोर्ट पेक आणि फोर्ट बेलनॅप इथे, सीमेपलीकडे सस्कॅचेवानमध्ये, नाकोडा आहेत. शाळा चालवतात, खटले लढवतात, आपल्या जमिनीवर बायसनचे कळप पुन्हा आणून वाढवतात.

कॅटलिनचं पुढे फारसं बरं झालं नाही. संग्रह सरकारनं विकत घ्यावा म्हणून त्यानं वर्षानुवर्षं खटपट केली, सिनेटनं दाद दिली नाही. १८५२ मध्ये दिवाळं निघालं. सावकारांना पैसे देऊन फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॅरिसन या कारखानदारानं चित्रं उचलली आणि आपल्या बॉयलरच्या कारखान्यात टाकून ठेवली. १८६५ मध्ये स्मिथसोनियन संस्थेला आग लागली आणि तिथली चार्ल्स बर्ड किंग यानं काढलेली मूळनिवाशांची बहुतेक चित्रं जळून गेली. सरकारनं घेतली असती तर कॅटलिनचीही बहुधा तिथेच टांगलेली असती. बॉयलरच्या कारखान्यानं ती वाचवली.

पण त्याला सगळ्यात लागला असेल तो वेगळाच घाव. १८३२ मध्ये, प्रकाशला पोचवून परत येताना, त्यानं मँडन खेड्यात ओकीपा नावाचा चार दिवसांचा विधी पाहिला होता. तरुणांच्या छाती-पाठीच्या कातडीत खुंट्या ओवून त्यांना दोरांनी वर टांगत. बगाडाच्या जुन्या हकिगती ज्यांनी वाचल्यात त्यांना यात अशक्य असं काही वाटणार नाही. अमेरिकेतल्या विद्वानांना वाटलं. १८५० च्या दशकात हेन्री स्कूलक्राफ्ट या वजनदार सरकारी अभ्यासकाच्या ग्रंथात छापून आलं की हा विधी कॅटलिनच्या सुपीक डोक्यातून निघालाय. साक्षीला बोलवावं तर मँडन देवीत गेलेले. म्हातारपणी कॅटलिननं ओकीपावर स्वतंत्र पुस्तक काढलं, स्वतःला खरं ठरवण्यासाठी पत्रं गोळा केली. त्याच्या बाजूनं एक भक्कम कागद होता. विधी पाहिला त्या दिवसांतच त्यानं ठाण्यावरच्या व्यापारी जेम्स किपकडून आणि आणखी दोघांकडून लेखी दाखला घेऊन ठेवला होता, की यानं सांगितलंय ते आम्हीही डोळ्यांनी पाहिलं. घरी गेल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही याची त्याला तेव्हाच खात्री असावी. त्या आगबोटीवर प्रकाशच्या शेजारी इतके आठवडे काढलेल्या माणसाला ती खात्री कुठून आली असेल, हा अंदाज मी करते आणि सोडून देते. किपचं त्याला दुजोरा देणारं पत्र स्मिथसोनियननं आपल्या १८७२ च्या वार्षिक अहवालात घातलं. कॅटलिन त्याच वर्षीच्या डिसेंबरात वारला.